सहा जोड टायर आणि एक निळं छत

पत्र थोडक्यात: इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहणाऱ्या एका आईने लिहिलं आहे. त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा दर रविवारी एका क्रीडा केंद्राच्या हॉलमध्ये, कार्पेट अंथरलेल्या ओव्हलवर, १/१२ मापाची रिमोटवरची स्टॉक कार पळवतो. गाडी सपाट चेसिसची आणि फोमच्या टायरची आहे. मागे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नाही, दोन्ही चाकं एकाच सरळ ॲक्सलवर घट्ट बसवलेली आहेत. गाडी सेकंडहँड घेतली आणि सोबत आलेल्या टायरवर पहिलं वर्ष छान गेलं. सप्टेंबरात मुलाची बढती झाली, दर्जा दाखवणारं गाडीचं छत पिवळ्याचं निळं झालं आणि तेव्हापासून गाडीचं बिनसलं. कधी वळणातून बाहेर पडताना ती गर्रकन फिरते, कधी वळतच नाही आणि भिंतीवर जाते. पकड कमी पडते म्हणून चार महिन्यांत मागच्या टायरचे सहा जोड घेतले, दर वेळी आधीपेक्षा मऊ. एका लाल छतवाल्याने, म्हणजे वरच्या दर्जाच्या चालकाने, आपल्या सेटअपचा कागद देऊ केला आहे. घरात मात्र ‘आता पुरे’ सुरू झालंय. त्यांचे प्रश्न तीन: टायर नेमका कोणता घ्यावा, तो कागद जसाच्या तसा उतरवावा का, आणि टायर घासायचा छोटा लेथ घेण्यात अर्थ आहे का. शेवटी त्या लिहितात, ‘मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. गाड्यांतलं मला काही कळत नाही.’

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करू. बदल करण्याआधी मोजायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आकडा लगेच लिहून ठेवायचा, हे तुम्ही रोज पगार घेऊन करता. शर्यतीच्या टेबलावर याच सवयीचा सगळ्यात मोठा दुष्काळ असतो. किंगपिन म्हणजे काय हे एका संध्याकाळी कळतं. लिहून ठेवायची शिस्त मात्र लोकांना दहा-दहा वर्षं लागत नाही.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या दिसतात. सप्टेंबरनंतर बिघडलं ते टायरमुळे, ही एक. गाडी फिरते म्हणजे मागच्या टायरला पकड नाही, ही दुसरी. दोन्ही पटण्यासारख्या आहेत. बहुधा दोन्ही चुकीच्या आहेत.

आधी सप्टेंबर. ब्रिटनमध्ये स्टॉक कार शर्यत १९५४ च्या गुड फ्रायडेला लंडनच्या न्यू क्रॉस स्टेडियममध्ये सुरू झाली. तिथल्या मोठ्या गाड्यांची छतं चालकाच्या दर्जाप्रमाणे रंगवलेली असतात: पांढरं, पिवळं, निळं, लाल, आणि त्याच्याही वर सुपरस्टार. रिमोटच्या क्लबांनी हीच पद्धत उचलली आहे. नवखे पुढे उभे राहतात आणि मुरलेले मागे. बंपरने धक्का देऊन पुढच्याला बाजूला सारणं नियमातच बसतं. पिवळ्या छताचा मुलगा पुढून सुटत होता, त्याला मोकळी आतली रेघ मिळत होती. निळा झाल्यावर तो गर्दीच्या मागे गेला. आतली रेघ अडलेली, म्हणून तो बाहेरून जायला बघतो. कार्पेटवर जिथून सगळे जातात त्या पट्ट्यात फोमचा थर बसून पकड वाढलेली असते. त्या पट्ट्याबाहेर गेलं की तीच गाडी, तेच टायर निसरडे वाटतात. वर मागून लाल छतवाले येऊन धडकतात ते वेगळंच. म्हणजे त्या महिन्यात बदललेल्या गोष्टींच्या यादीत टायर तिसरा-चौथा येतो.

त्या धक्क्यांचं काय होतं ते पाहा, कारण इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात. पुढच्या कोपऱ्यावर चांगला धक्का बसला की किंगपिन (पुढचं चाक ज्या उभ्या पिनवर वळतं ती) किंवा पुढचा स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरतं तो छोटा दांडा) केसभर वाकतो. डोळ्यांना दिसत नाही, पण चाकाचा कल एक-दोन अंशांनी बदलतो आणि गाडी दुसरीच होते. प्रत्येक हीटनंतर, म्हणजे दिवसभरातल्या प्रत्येक छोट्या शर्यतीनंतर, बॅटरी उतरवायच्या आधी, दोन मिनिटं द्या. गाडी उचलून पुढची चाकं बोटाने फिरवा. ती बराच वेळ फिरत राहिली पाहिजेत आणि रिम डुलता कामा नये. चाक लवकर थांबत असेल तर बेअरिंगमागे कार्पेटचे धागे गुंडाळलेले असतील, चिमट्याने काढा. मागचा ॲक्सल हळूहळू फिरवून दोन्ही रिमच्या कडा बघा. दोन्ही चाकं एकाच तालात वरखाली होत असतील तर ॲक्सल वाकलाय. मागच्या चाकांचे स्क्रू घट्ट आहेत का ते बघा. सरळ ॲक्सलवर एक चाक सैल झालं तर गाडी एकदम ‘बिनपकडीची’ होते आणि त्यावरचा खर्चिक उपाय म्हणून नवे टायर येतात. शेवटी ट्रान्समीटर चालू ठेवून चाकं डावी-उजवी वळवून सोडा. दोन्ही वेळी ती त्याच मधल्या जागेवर यायला हवीत. येत नसतील तर सर्व्हो सेव्हर (स्टिअरिंगच्या मोटरला धक्क्यापासून वाचवणारा स्प्रिंगचा भाग) घसरलाय किंवा त्याची स्प्रिंग थकली आहे.

आता दुसरं गृहीतक. गाडी कधी फिरते आणि कधी सरळ भिंतीवर जाते, असं तुम्ही लिहिलंय. ही दोन उलट दुखणी आहेत, म्हणून टायर भरवशाचे नाहीत असा निष्कर्ष तुम्ही काढला असणार. पण एकाच गाडीत दोन्ही एकत्र दिसली तर मुळाशी बहुतेक वेळा एकच असतं: गाडीचं नाक वळत नाही. रेसिंगवाले याला ‘पुश’ म्हणतात. मुलगा वळणात शिरतो, नाक बाहेर जातंय असं दिसलं की स्टिअरिंगचं चाक आणखी फिरवतो, मग आणखी. पुढची चाकं पूर्ण डावीकडे वळलेली असतात आणि कार्पेटवर नुसती घासत जातात. वेग कमी झाला की ती अचानक पकडतात. त्या क्षणी नाक एकदम आत येतं आणि शेपूट सुटतं. बघणाऱ्याला वाटतं, मागे पकड नाही. पकडायच्या आधी भिंत आली तर गाडी सरळ भिंतीवर.

हे खरंच असंच आहे का, ते तपासायला पैसे लागत नाहीत. ओव्हलच्या मधल्या बाजूला उभं राहायची परवानगी सरावाच्या वेळी मिळते का विचारा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. फक्त पुढच्या चाकांकडे बघा. फिरण्याच्या आधी ती पूर्ण डावीकडे असतील तर दुखणं पुढचं आहे. फिरण्याच्या आधी मुलगा ती उजवीकडे वळवून गाडी सावरायला बघत असेल तर दुखणं मागचं. दुसरा पुरावा उजव्या पुढच्या टायरवर मिळेल. त्याची बाहेरची कड खरबरीत झालेली, कुरतडल्यासारखी दिसत असेल तर तो टायर वळणभर आडवा घासला जातोय.

आणि दुखणं पुढचं निघालं, तर तुमच्या सहा जोडांनी ते वाढवलंच आहे. सरळ ॲक्सलच्या गाडीत मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, म्हणून ती गाडीला मुळातच सरळ ढकलत असतात. मागचा टायर जितका मऊ तितकं हे ढकलणं जोरदार. दर खेपेला मऊ टायर घेऊन तुम्ही गाडीच्या चुकीच्या टोकाला औषध लावत गेलात.

यात आणखी एक गोष्ट दडली आहे, तिला मी जास्त महत्त्व देईन. तुम्ही टायर ‘जोड’ म्हणून घेतलेत, म्हणजे डावा आणि उजवा एकाच व्यासाचे. ओव्हलवर शर्यत घड्याळाच्या उलट्या दिशेने होते, वळणं सगळी डावीकडे. बाहेरच्या म्हणजे उजव्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर असतील तर उपाय एकच: उजवं चाक मोठं ठेवायचं. चहाचा कागदी कप आडवा करून लोटला की रुंद तोंड बाहेर ठेवून तो अरुंद बुडाच्या बाजूला वळत जातो, तसंच. व्यासातल्या या फरकाला ‘स्टॅगर’ म्हणतात. तुमची गाडी ज्याच्याकडून आली त्याने तो बसवून दिला असण्याची बरीच शक्यता आहे. पहिलं वर्ष छान गेलं त्याचं कारण कदाचित त्या जुन्या, झिजलेल्या टायरांतच असेल. डब्यात कुठे पडले असतील तर आजच व्हर्निअरने मोजा. उजवा मोठा निघाला तर तुमचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

किती स्टॅगर लागेल याचा हिशोब सोपा आहे. टायरचा व्यास गुणिले मागच्या दोन टायरांच्या मध्यांमधलं अंतर, भागिले वळणाची त्रिज्या. समजा व्यास ४६ मि.मी., अंतर १४० मि.मी. आणि गाडी वळणात जी रेघ धरते तिची त्रिज्या अडीच मीटर. ४६ गुणिले १४० भागिले २५०० म्हणजे सुमारे २.६ मि.मी. पण हा आकडा गाडी सतत वळत असेल तेव्हाचा. सरळ पट्ट्यावर एवढा फरक गाडीला डावीकडे ओढत राहील आणि वळणातून बाहेर पडताना गॅस दिला की शेपूट खरोखरच सुटेल. म्हणून १ मि.मी. पासून सुरुवात करा. गरज पडली तर अर्धा मि.मी. वाढवून १.५ वर जा. त्यापुढे जायची वेळ आली तर दुसरीकडे काहीतरी चुकतंय असं समजा. आणि हा फरक टिकत नाही. बाहेरच्या टायरवर भार जास्त, म्हणून तो लवकर झिजतो आणि स्टॅगर आपोआप कमी होत जातं. सकाळी गोड चालणारी गाडी दुपारी पुश करायला लागते त्याचं हे एक नेहमीचं कारण. प्रत्येक हीटनंतर दोन्ही मागचे व्यास मोजून वहीत लिहा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

(ज्यांच्या गाडीत बॉल डिफ, म्हणजे छर्‍यांवर चालणारं डिफरन्शियल, आहे त्यांच्यासाठी: तुमची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतात, त्यामुळे कपाचा दाखला तुम्हाला जवळजवळ लागू नाही. तुमच्या गाडीत व्यासाचा फरक मुख्यतः चारही चाकांवरचा भार बदलतो. आणि ‘मागे पकड नाही’ असं वाटलं तर आधी डिफ घसरतंय का ते पाहा. एक मागचं चाक आणि स्पर गिअर (मागच्या ॲक्सलवरचं मोठं दातेरी चाक) घट्ट धरून दुसरं चाक फिरवायचा प्रयत्न करा. ते सहज फिरलं तर टायरला दोष देऊ नका.)

भाराकडे येऊ. चार सारखे डिजिटल स्वयंपाकघरातले काटे लागतील, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारे. दोन घरचे, दोन उसने चालतील. फक्त आधी एकच वस्तू चारही काट्यांवर ठेवून ते एकमेकांशी जुळतात का ते बघा. हे तुम्हाला सांगायला नकोच. ओट्यावरची ग्रॅनाइटची फरशी किंवा जाड काच लेव्हलमध्ये आणा, त्यावर काटे ठेवा आणि शर्यतीला उतरते तशी पूर्ण गाडी, बॅटरी आणि बॉडीसकट, चार चाकं चार काट्यांवर येतील अशी ठेवा. हलकेच दाबून सोडा, मग वाचा. उदाहरणार्थ: पुढे डावीकडे २५० ग्रॅम, पुढे उजवीकडे २३०, मागे डावीकडे ३००, मागे उजवीकडे २७०. एकूण १०५०. डावी बाजू ५५०, म्हणजे ५२.४ टक्के. तिरका भार, म्हणजे पुढचं उजवं अधिक मागचं डावं, ५३०, म्हणजे ५०.५ टक्के.

या आकड्यांतला एक भेद नीट लक्षात ठेवा, मुरलेले लोकही यात गोंधळतात. डावी-उजवी आणि पुढची-मागची वाटणी स्प्रिंग किंवा स्क्रू फिरवून बदलत नाही. त्यासाठी वजनच हलवावं लागतं: बॅटरी डावीकडे सरकवा, रिसीव्हर पुढे घ्या, नियमात चालत असेल तर शिसं चिकटवा. तिरका भार मात्र स्क्रूने बदलतो. टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी घातली की त्या पायावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या पायावर भार वाढतो, तसंच हे आहे. मागे टी-प्लेट (मागचा भाग चेसिसला जोडणारी, टी आकाराची लवचीक पट्टी) असेल तर तिच्या दोन ट्वीक स्क्रूंनी, म्हणजे पट्टीचा पीळ जुळवणाऱ्या स्क्रूंनी, नाहीतर पुढच्या स्प्रिंगखालच्या वॉशरने तो बदला. कुठल्या दिशेने फिरवल्यावर काय वाढतं हे काट्यावर बघूनच ठरवा, ऐकीव माहितीवर नको.

पुढचं उजवं अधिक मागचं डावं, हा भार वाढला की गाडी पुश करते. कमी झाला की शेपूट मोकळं होतं. तुमची गाडी पुश करत असेल आणि काट्यावर हा आकडा ५३-५४ टक्के निघाला, तर टायरचं नाव काढायच्या आधी तो ५० वर आणा. मग एका वेळी अर्धा टक्का. आणखी एक मेख: मागचा उजवा टायर मोठा केला की गाडीचा तो कोपरा उचलला जातो, त्याच्यावर आणि पुढच्या डाव्यावर भार वाढतो, म्हणजे तिरका भार कमी होतो. स्टॅगर बदललं की दोन गोष्टी एकदम बदलल्या. म्हणून आधी स्टॅगर ठरवा, नंतर काट्यावर चढवा आणि तिरका भार पूर्वी होता तिथे परत आणा. तरच कळेल की गाडी सुधारली ती कशाने.

काटे हॉलमध्ये नेणं शक्य नसेल तर तिथे ही झटपट चाचणी चालते. गाडी सपाट फरशीवर ठेवा, पुढच्या बंपरच्या बरोबर मध्याखाली स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून हळूच उचला. कुठलं पुढचं चाक आधी सुटतं ते बघा. घरी सगळं नीट लावलं असताना जे उत्तर येत होतं ते वहीत हवं. धक्क्यानंतर उत्तर बदललं की काहीतरी वाकलंय.

आता टायर, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न. नाव सांगत नाही, कारण फोमचे रंग आणि नावं कंपनीगणिक वेगळी असतात आणि एका कंपनीचा गुलाबी दुसरीच्या गुलाबीसारखा असेलच असं नाही. त्यापेक्षा क्लबात कोणाकडे शोर ए मीटर (कडकपणा मोजणारं छोटं यंत्र) असेल तर तुमचे सगळे टायर मोजून रिमवर आकडा लिहा. कार्पेटवर मागचा टायर पुढच्यापेक्षा मऊ असतो, हा साधारण नियम. आकडा जितका कमी तितका फोम मऊ. माझा अंदाज आहे की तुमचे सहा जोड मोजले तर त्यातले दोन-तीन जवळपास सारखेच निघतील. फोम पडून राहिला तर कडक होतो, आणि वापरून पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला तर मऊ टायरही कडक असल्यासारखा वागतो. लेथवर अर्धा मि.मी. उतरवला की तो पुन्हा नव्यासारखा. म्हणून सातवा जोड नको. पहिल्या-दुसऱ्या जोडातले, मऊपणात मधले, दोन टायर निवडा. डावा १ मि.मी. लहान करा. बाकीचे पिशवीत ठेवा, पुढे लागतील.

पैसे खर्च करायचेच असतील तर पुढच्या टायरवर करा, आणि तेही स्टॅगर आणि तिरका भार जागेवर आल्यानंतर. पुश उरलाच तर उजवा पुढचा एक पायरी मऊ घ्या. डाव्या पुढच्याला हात लावू नका, वळणात त्याच्यावर भार थोडाच असतो. चाकांचा कल ओव्हलवर दोन्हीकडे डावीकडेच असतो: उजव्या चाकाचा माथा गाडीकडे झुकलेला, डाव्याचा गाडीपासून लांब. उजव्याचा कल बरोबर आहे का हे टायर स्वतःच सांगतो. काही हीटनंतर आतल्या आणि बाहेरच्या कडेला व्यास मोजा. बाहेरची कड ०.३ मि.मी. पेक्षा जास्त झिजली असेल तर कल अर्ध्या अंशाने वाढवा, आतली झिजली असेल तर कमी करा. आधीच शंकूच्या आकाराचा झालेला टायर घासून सरळ करून घ्या, नाहीतर नवा कल जुन्या आकारावर मोजला जाईल.

पुढच्या स्प्रिंगबद्दल एकच सावधगिरी. पाकिटावर ०.५० आणि ०.५५ मि.मी. असं तारेचं माप असतं आणि फरक किरकोळ वाटतो. पण वेढे आणि घेर तेच असतील तर स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे ०.५० वरून ०.५५ वर गेलात की स्प्रिंग जवळजवळ ४६ टक्के कडक. पुश करणाऱ्या गाडीत उजवी पुढची स्प्रिंग कडक करणं म्हणजे आगीत तेल.

टायरला लावायचं द्रव्य, ज्याला पोरं ‘सॉस’ म्हणतात, ते तुमच्या हॉलमध्ये चालतं का हे आधी नियमात वाचा. सार्वजनिक हॉलमध्ये वासाची द्रव्यं बऱ्याचदा बंद असतात. काही क्लब एकच ठरावीक बाटली चालवून घेतात. चालत असेल तर ते पकड जुळवायचं सर्वांत स्वस्त साधन आहे. मागे पूर्ण रुंदीभर लावा. पुढच्या उजव्याला आधी आतल्या निम्म्या रुंदीवर, पुश राहिला तर पूर्ण रुंदीवर. हीटच्या आधी पंधरा मिनिटं लावून ठेवा आणि कार्पेटवर उतरण्यापूर्वी कोरडं पुसा. दर वेळी तेवढीच वेळ. एकदा पाच मिनिटं आणि एकदा अर्धा तास ठेवलंत तर तुमचे बाकीचे सगळे आकडे निरर्थक होतात. मुलाला नायट्राइलचे हातमोजे घालायला लावा. ते कामावरून आणू नका, तेवढे विकत घ्या.

दुपारनंतर उलटा त्रास होऊ शकतो. कार्पेटवर पकड वाढते आणि वळणात डावी चाकं उचलली जाऊन गाडी उलटायला बघते. तेव्हा मऊ-कडकच्या भानगडीत न पडता उजव्या पुढच्या टायरची बाहेरची कड पॉलिश पेपरने दोन मि.मी. गोल करा, आणि बाहेरच्या भिंतीवर सुपरग्लूचा पातळ पट्टा फिरवा. पकड आणखी वाढली तर पुढचं सॉस कमी करा.

लाल छतवाल्याचा कागद घ्या, आभार माना, पण जसाच्या तसा उतरवू नका. त्याच्या गाडीत डिफ आहे का, बॅटरी किती वजनाची आणि कुठे आहे, रिमची रुंदी किती, हे तुमच्याशी जुळत नसेल तर ‘टी-प्लेटचा स्क्रू अर्धा फेरा’ या ओळीला तुमच्या गाडीत काही अर्थ उरत नाही. त्याला एकच विनंती करा: तुझी गाडी आमच्या चार काट्यांवर दोन मिनिटं ठेवू देशील का? निकालाचे आकडे, म्हणजे डाव्या बाजूचा टक्का, पुढचा टक्का, तिरका भार, चारही व्यास, हे उतरवण्यासारखे असतात. कुठला स्क्रू किती फिरवला हे नसतं. आणि त्याचा सेटअप त्याच्या हातासाठी आहे. मुरलेले चालक शेपूट जरा मोकळंच ठेवतात, कारण त्यांना ते गॅसवर सावरता येतं. तेरा वर्षांच्या मुलाला गर्दीतून जायचंय, त्याला थोडी पुश करणारी, पण दर वेळी तेवढीच पुश करणारी गाडी बरी.

मुलाच्या हातासाठी ट्रान्समीटरमध्येच एक उपाय आहे, फुकटचा. स्टिअरिंगचा ड्युअल रेट, म्हणजे चाकं जास्तीत जास्त किती वळतील ती मर्यादा, कमी करा. सरावात गाडी मध्यम वेगाने सर्वांत घट्ट वळण जेमतेम घेईल एवढंच चाकांचं वळणं (लॉक) ठेवा आणि त्यावर पाच-सात टक्के वाढीव द्या. मग नाक बाहेर गेलं तरी त्याला हँडल हवं तेवढं फिरवता येणार नाही, आणि ती अचानक पकड घेऊन फिरण्याची गंमत निम्म्याने कमी होईल. मुलगा दोन रविवार कुरकुर करेल. आणि सरावात त्याला मुद्दाम पट्ट्याच्या एक गाडीभर बाहेरून दहा फेऱ्या मारायला लावा. निळ्या छताला शर्यत तिथूनच करायची आहे, तेव्हा सेटअपही तिथेच तपासायला हवा.

पुण्या-नाशिकला पार्किंगच्या डांबरावर दोन्ही बाजूंना वळणाऱ्या ट्रॅकवर जे खेळतात, त्यांनी यातलं स्टॅगर आणि डावीकडचा भार सोडून द्यावा. तिथे डावं-उजवं सारखं आणि तिरका भार ५० टक्केच हवा. खरबरीत डांबरावर फोम एका दुपारीत संपतो, रबराचे टायर बरे. मोजण्याची आणि हीटनंतर तपासण्याची पद्धत मात्र तीच.

उरला लेथ. व्हर्निअर आणि काटे आल्याशिवाय तो घेऊ नका. कुठवर घासायचं हेच माहीत नसेल तर लेथ म्हणजे टायर लवकर संपवायचं यंत्र. क्लबात कोणा ना कोणाकडे तो असतोच, आणि एका रविवारी तुमचे बारा टायर घासून घेण्याच्या बदल्यात डबाभर चकल्या हा रास्त व्यवहार आहे. दोन महिन्यांनी, दर आठवड्याला घासायची गरज पडतेय असं वहीतून दिसलं तर जरूर घ्या. ‘आता पुरे’ म्हणणाऱ्यांनाही ती वही दाखवता येईल. घासताना मास्क घाला, फोमची धूळ फार बारीक असते, आणि एका वेळी चतुर्थांश मि.मी. पेक्षा जास्त उतरवू नका. घाई केली की फोमचे तुकडे निघतात.

घासल्यावर दोन गोष्टी विसरल्या जातात. व्यास ३ मि.मी. कमी झाला की चेसिस दीड मि.मी. खाली येते. चारही कोपऱ्यांखाली उंची पुन्हा मोजा, नाहीतर धक्क्यात पोट कार्पेटला घासेल आणि तुम्ही पुन्हा टायर बघत बसाल. दुसरी गिअरची. ४६ मि.मी. चा टायर, १६ दातांचा पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) आणि ६४ चा स्पर असेल तर मोटरच्या एका फेऱ्यात गाडी ३६.१ मि.मी. पुढे जाते. टायर ४३ वर आला की हाच आकडा ३३.८ होतो आणि सरळ पट्ट्यावर गाडी हळू वाटते. १७ चा पिनियन लावला की तो ३५.९ वर येतो. सरळ ॲक्सलवर स्टॅगर असेल तर दोन्ही मागच्या व्यासांची सरासरी धरा. क्लबाने गिअर ठरवून दिले असतील तर प्रश्न मिटला. नसतील तर पिनियन बसवताना तो आणि स्परच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घाला, मोटर दाबून स्क्रू घट्ट करा, मग पट्टी ओढून काढा. पट्टी न फाटता, नुसत्या दातांच्या घड्या पडून बाहेर आली की मध्ये हवी तेवढी फट राहिली.